ओठ आणि निखारा यांच्यामधले लाकूड

फुंकणीचे एक टोक चुलीत असते आणि दुसरे ओठांना लागते. मधे हातभर बांबू. वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातले धनज असो की वऱ्हाडातले दुसरे कुठलेही गाव, चूल होती तोवर घरोघरी ही नळी होती. पुढे लोखंडी पाइपाच्या तुकड्याची फुंकणी आली. ती कधी जळली नाही, चिरली नाही, तिला घुण लागला नाही. पण चुकून विस्तवाशी राहिली आणि तशीच तोंडाला लावली, की ओठ पोळलाच म्हणून समजा. बांबूची फुंकणी ओठ पोळू देत नाही. ती स्वतःच पुढून जळत जाते आणि वर्षभरात चार बोटे आखूड होते.

सुख द्यायचे की टिकायचे, हा प्रश्न ज्या वस्तूचे एक टोक विस्तवाकडे आणि दुसरे तोंडाकडे असते, अशा प्रत्येक वस्तूपुढे येतो. तंबाखू ओढण्याच्या नळीने तो सर्वांत जास्त काळ सोसला. हुक्का असो, गुडगुडी असो की साहेबी पाइप, निखारा आणि ओठ यांच्यामध्ये काय ठेवायचे यावर जगभरच्या कारागिरांनी चारशे वर्षे डोके चालवले आणि बहुतेक जण पुन्हा पुन्हा लाकडापाशी येऊन थांबले. लाकूड का, आणि ते लवकर का खराब होते, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. ते लाकडाच्या आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या पोकळ्यांमध्ये आहे.

विजापूरहून निघालेली नळी

आपल्याकडच्या तंबाखूच्या नळीचे सर्वांत जुने तपशीलवार वर्णन मिळते ते दख्खनमधलेच. अकबराचा सरदार असद बेग विजापूरला दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या दरबारात गेला होता. तिथे त्याने तंबाखू पाहिला. पोर्तुगीज व्यापाऱ्यांमुळे हे नवे पान दख्खनच्या बंदरांतून आत शिरले होते. उत्तरेत मात्र ते फारसे माहीत नव्हते. १६०४-०५ च्या सुमारास परतताना त्याने बादशहासाठी तंबाखू नेला आणि सोबत ओढण्याचे एक देखणे साधनही तयार करून घेतले.

त्या साधनाचा तपशील असद बेगाने लिहून ठेवला आहे. नळी तीन हात लांब होती, म्हणजे सुमारे साडेचार फूट. ती सुमात्रा बेटावरच्या अचिनहून, आजच्या आचेहून, आलेली उत्तमातली उत्तम नळी होती. ती नीट वाळवलेली आणि रंगवलेली होती. दोन्ही टोकांना रत्ने जडवून मिनाकाम केले होते. ओठाला लागायचा भाग येमेनी अकिकाचा, लंबगोल. तंबाखू पेटवायचे भांडे सोन्याचे.

अकबराने दोनचार झुरके घेतले. दरबारचे हकीम विरोधात उभे राहिले, बराच वाद झाला. पुढे १६१७ मध्ये जहांगिराने तंबाखूवर बंदीही घातली. इतिहासाच्या पुस्तकांत हा प्रसंग बंदीपाशी संपतो. आपल्याला मात्र ती नळी पुन्हा एकदा नीट पाहायला हवी. अंग वाळवलेले, टोके मढवलेली आणि ओठाशी दगड. रत्ने शोभेसाठी होती हे खरेच. पण ती जिथे बसवली होती तीच नळीची सर्वांत दुबळी जागा होती. कारागिराला नळी कुठून मरते हे माहीत होते, असेच ही रचना सांगते.

पोकळ्यांचे सुख

लाकडाचा तुकडा भरीव दिसतो, पण तो बारीक नळ्यांची मोळी असतो. झाड जिवंत असताना याच नळ्यांतून पाणी मुळाकडून शेंड्याकडे जाते. लाकूड वाळले की पाणी निघून जाते आणि तिथे हवा भरते. कोंडलेली हवा उष्णता फार हळू पुढे नेते. गोधडीत जी ऊब असते ती कापडापेक्षा थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते, तसेच हे. म्हणून कोरडे लाकूड पितळेच्या मानाने काही शे पटींनी कमी उष्णता वाहते. एका टोकाला निखारा असूनही दुसरे टोक हाताला गार लागते. थंडीच्या पहाटेही उलटे तेच घडते. धातूची नळी ओठाला चावरी गार लागते, लाकडाची नाही, कारण ती ओठाची ऊब ओढून घेत नाही.

दुसरे सुख ओलाव्याचे. तंबाखू जळतो तेव्हा धुराबरोबर वाफ निघते. काही पाणी पानातच असते, काही जळण्याच्या क्रियेत तयार होते. नुसत्या गरम कोरड्या हवेत फारशी उष्णता साठलेली नसते. नळीच्या काही बोटांच्या अंतरात ती निवते. वाफेची गोष्ट वेगळी. एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते. या वाफेचे जिभेवर येऊन पाणी झाले, तर जीभ भाजते. काच, धातू किंवा कडक रबर यांच्या नळीत वाफ भिंतीवर निवते, तिचे कडवट पाणी साचते आणि झुरक्याबरोबर गुळगुळत तोंडात येते. लाकडाची नळी तिच्या पोकळ्यांमध्ये हे पाणी काही काळ शोषून घेते. म्हणून लाकडी नळीचा झुरका कोरडा लागतो.

तिसरे सुख वजनाचे आणि स्पर्शाचे. नळी तासन्‌तास हातात किंवा ओठांत राहते. हलके, किंचित नरम, घासून गुळगुळीत केलेले लाकूड दातांवर खणकन आपटत नाही.

पोकळ्यांचे दुःख

धुरातले पाणी ज्या वाटेने शिरते त्याच वाटेने लाळही शिरते. लाकडाच्या अंगातून पाणी हळू मुरते. कापलेल्या टोकाकडून कित्येक पटींनी भरभर मुरते, कारण टोकाला त्या लाखो नळ्यांची तोंडे उघडी असतात. आणि नळीचे कापलेले टोक नेमके तोंडात असते.

पाणी शिरले की लाकूड फुगते, वाळले की आक्रसते. हे फुगणे सगळीकडे सारखे नसते. ओल्या लाकडापासून पूर्ण कोरड्या लाकडापर्यंत लांबीत फरक पडतो जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के. आडवे मात्र सागासारखे शहाणे लाकूडही पाचसहा टक्के आक्रसते. इतर अनेक लाकडे त्याहून जास्त. एकाच तुकड्याच्या दोन दिशांमध्ये एवढी तफावत असली की ताण येतो. ताण आला की तंतूंच्या रेषेने चीर जाते.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. वैशाखात बैलगाडीच्या चाकाचे लाकूड आक्रसते आणि लोखंडी धाव सैल होते. मग चाक पाण्यात टाकून ठेवायचे. लाकूड फुगते, धाव पुन्हा घट्ट बसते. भर उन्हाळ्यात दुपारची आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरली की लाकडात वजनाच्या चारपाच टक्केच पाणी उरते. पावसाळ्यात हवा ऐंशी टक्क्यांवर गेली की तेच लाकूड सुमारे सोळा टक्क्यांपर्यंत पाणी धरते. गाडीचे चाक हा फेरा वर्षातून एकदा सोसते. ओढायची नळी तो दिवसातून चारपाच वेळा सोसते: तोंडात ओली, फळीवर कोरडी, पुन्हा ओली. चाकापेक्षा ती आधी मोडणार यात नवल काय?

पहिल्या काही दिवसांत ओल्या टोकाचे तंतू उभे राहतात आणि ओठाला खरखर लागते. मग दातांचे वळ पडतात. मग जोडाची जागा त्रास देते. नळी भांड्यात बसवतात तिथे लाकूड फुगले तर नळी निघता निघत नाही. जोर करून पिळली तर तिथेच तुटते. वाळून आक्रसली तर जोड गळतो, झुरक्यात नुसती हवा येते. शेवटी आतली बाजू. शोषलेले पाणी उडून जाते, पण त्यातले कीट मागे राहते. काळा चिकट थर साचत जातो, भोक अरुंद होते, आणि आज ओढलेल्या तंबाखूला महिन्यामागच्या तंबाखूचा वास येतो. धातूची नळी उकळत्या पाण्याने धुता येते. लाकडाची धुवायला गेले, तर वर सांगितलेला सगळा फेरा आपणच सुरू करून देतो.

म्हणून लाकडी नळी वापरणाऱ्यांचा जगभर एकच रिवाज: ओढून झाले की नळी कोरड्या काडीने किंवा सळईने साफ करायची, उभी ठेवून वाळू द्यायची आणि शक्यतो दोन नळ्या आलटून-पालटून वापरायच्या. तेल किंवा मेण मुरवले तर टोकाची तोंडे काहीशी बुजतात. पण सगळ्या पोकळ्या बुजवल्या तर झुरका पुन्हा ओला होणार.

धुऱ्यावरची झाडे

मग कुठले लाकूड घ्यावे? धनजच्या धुऱ्यावर उभे राहून हा प्रश्न विचारला तर उत्तरे आसपासच सापडतात.

बांबू हे पहिले उत्तर. निसर्गाने आयती पोकळ केलेली ही नळी आहे. पेरणीच्या तिफणीकडे पाहा. वर लाकडाचे चाडे, खाली बांबूच्या नळ्या, आणि त्यांतून दाणा थेट तासात. वर भांडे, खाली नळी, आतून काहीतरी वाहणारे: तिफण आणि हुक्का दोन्ही बांधणारा सुतार एकाच प्रश्नाशी झटत असतो. बांबूच्या पेरांच्या आत पडदे असतात. ते तापलेल्या सळईने जाळून काढावे लागतात. बाहेरची साल सिलिकामुळे कडक आणि चकचकीत असते, पाणी सहज शिरू देत नाही, म्हणून ओठाला ती गुळगुळीत लागते. पण बांबूला आडवे तंतू जवळजवळ नसतातच. एकदा चीर पडली की ती पेरापेराने सरळ पुढे जाते. शिवाय आतल्या पिठूळ भागात स्टार्च असतो आणि त्यावर घुण जगतो. म्हणूनच बांबू कापून काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी पद्धत आहे. पाण्यात स्टार्च उतरतो आणि किड्याच्या तोंडचा घास जातो.

दुसरे उत्तर सागाचे. आक्रसणे कमी, अंगचे तेल, सुताराच्या हाताला सवयीचे. मात्र सागाच्या वाढीच्या कड्यांमध्ये मोठी छिद्रे असतात. नळीसारख्या बारीक कामात त्यांचा खडबडीतपणा जाणवतो.

धावडा चिवट असतो. कुऱ्हाडीचा दांडा करावा तर त्याचाच. पण चिवट लाकडात लांब बारीक भोक पाडणे म्हणजे गिरमिटाची परीक्षा. शिसव जड, घट्ट आणि काताऱ्याच्या हातात सुरेख फिरणारे. त्यामुळे कातलेल्या, लाख चढवलेल्या नळ्यांना ते मानवते.

आणि टेंभुर्णी. विदर्भात या झाडाला सगळे तेंदू म्हणून ओळखतात ते पानांमुळे. उन्हाळ्यात पाने तोडायची, पुडे बांधायचे, फडीवर द्यायचे. त्या पानांत तंबाखू गुंडाळून विडी होते. पण तेंदू हा आबनूसाच्या कुळातला आहे. जुन्या झाडाच्या पोटात काळाभोर गाभा तयार होतो. तो इतका घट्ट असतो की बहुधा पाण्यात बुडतो. त्यातल्या पोकळ्या काळ्या द्रव्याने भरलेल्या असतात, म्हणून लाळ शिरायला जागा कमी. नळीच्या टोकासाठी याहून चांगले देशी लाकूड सापडणे कठीण. पण त्याच कारणाने ते ठिसूळ असते, आणि पोकळ्या भरलेल्या असल्यामुळे शोषण्याचे सुखही कमी. ज्या झाडाच्या पानाने गरिबाची विडी झाली त्याच झाडाच्या गाभ्यात श्रीमंताच्या नळीचे तोंड दडलेले होते.

लाकूड कुठलेही असो, नळी टिकते की नाही हे अर्धे तरी भोकावर ठरते. भोक तंतूंना समांतर गेले तर नळीची भिंत सगळीकडे सारखी जाड राहते. ते तिरके गेले की एका बाजूची भिंत पातळ होते आणि चीर तिथूनच निघते. म्हणून करवतीने कापलेल्या फळीपेक्षा तंतूंच्या रेषेत फाडलेली काठी चांगली. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी मऊ गाभ्याच्या झाडांच्या डहाळ्या निवडून तापलेल्या तारेने गाभा जाळून काढला. तुर्कस्तानातल्या लांब चुबुक नळ्यांसाठी चेरीच्या आणि जाईच्या सरळ काठ्या वापरल्या गेल्या आणि ओठाशी अंबर बसवले. अचिनच्या नळीला येमेनी अकिक, तुर्की काठीला अंबर. एकमेकांना कधी न भेटलेले कारागीर एकाच तोडग्यावर आले: मधे लाकूड राहू द्या, टोक दुसऱ्या कशाचे तरी करा.

बिदरचे बिदरी काम पाहिले तरी हेच दिसते. जस्ताच्या काळ्या मिश्रधातूवर चांदीची नक्षी कोरलेली हुक्क्याची भांडी आज संग्रहालयांत आहेत. भांडे धातूचे, पण त्यातून निघणारा नेचा, म्हणजे धुराची नळी, बोरूसारख्या पोकळ काड्यांचा, लाकडाचा, कापड गुंडाळलेला. धातूत हयात घालवलेल्या कारागिरांनीही निखारा आणि ओठ यांच्यामधली वाट धातूची केली नाही.

चिलमीने काढलेली पळवाट

वऱ्हाडच्या पारावर मात्र हुक्क्यापेक्षा चिलीम जास्त चालली, आणि चिलमीला नळीच नाही. कुंभाराने भाजलेल्या मातीची ती एक सरळ, खाली निमुळती होत गेलेली पोकळी. आत खडा, खड्यावर तंबाखू, वर विस्तव. भाजलेली माती लाकडापेक्षा बरीच जास्त उष्णता वाहते आणि वीतभर लांबीत निखारा तोंडाच्या फार जवळ येतो. मग ओठ कसे वाचतात?

ओठ चिलमीला लागतच नाहीत. निमुळत्या टोकाला ओली छापी गुंडाळायची, चिलीम मुठीत धरायची आणि ओठ मुठीला लावून दम ओढायचा. छापीतले पाणी उष्णता घेते, कापड कीट आणि राख अडवते, आणि नळीचे काम मूठ करते. नळीच नाही तर ती चिरणार कुठून? छापी मळली की धुतली, चिलीम फुटली की बाजाराच्या दिवशी दुसरी. टिकाऊपणाचा प्रश्न चिलमीने सोडवला नाही. स्वस्ताईने तो मोडीत काढला.

यात आणखी एक सोय होती. चिलीम पाचसात जणांत फिरते. ओठाला लागते ती ज्याची त्याची मूठ. विटाळाच्या कल्पना घट्ट असलेल्या गावगाड्यात एका विस्तवावर अनेकांना दम घेता आला तो यामुळे. लाकडी नळीला हे जमणारे नव्हते. ती लाळ पिते, म्हणून ती एकाचीच असते.

चिलमीचा विस्तवही बहुधा मागूनच आणलेला असायचा. शेगावच्या गजानन महाराजांची जी कथा दासगणूंच्या ‘श्री गजानन विजय’ ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात आहे, ती याच व्यवहारावर उभी आहे. अक्षय्य तृतीयेच्या दिवशी जानकीराम सोनाराने चिलमीसाठी विस्तव द्यायला नकार दिला. महाराजांनी आपला भक्त बंकटलाल याला चिलमीवर नुसती काडी धरायला सांगितली आणि विस्तवावाचून चिलीम पेटली, अशी भक्तांची श्रद्धा आहे. महाराज शेगावात प्रकटले ते २३ फेब्रुवारी १८७८ रोजी. त्या काळच्या वऱ्हाडात शेजाऱ्याने चिलमीला विस्तव नाकारणे ही किती मोठी गोष्ट होती, हे त्या कथेवरून कळते.

रबराने जिंकलेली बाजी

लाकडी नळीला खरा प्रतिस्पर्धी मिळाला तो एकोणिसाव्या शतकात. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याने १८४४ मध्ये गंधक घालून रबर पक्के करण्याचे पेटंट घेतले. त्यात गंधकाचे प्रमाण बरेच वाढवले की रबर लवचीक न राहता काळे, कडक होते. तेच एबोनाइट, नावसुद्धा आबनूसावरून आलेले. त्यात पोकळ्या नाहीत, म्हणून लाळ मुरत नाही. तंतू नाहीत, म्हणून चीर जायला रेषा नाही. शिवाय तापवून वाकवता येते आणि ओठांत बसेल असे चपटे, पातळ टोक घडवता येते. लाकडात तसे टोक केले तर पातळ कड दातांखाली फुटते. म्हणून लाकडी नळीचे तोंड जाड ठेवावे लागते आणि ती ओठांनी धरावी लागते, दातांनी नाही. हात मोकळे ठेवून काम करणाऱ्या माणसाला दातांत धरता येणारी नळी हवी होती. ती त्याला रबराने दिली.

पण एबोनाइटही अमर नव्हते. उन्हात आणि हवेत त्यातला गंधक पृष्ठभागावर येतो, काळा रंग हिरवट-तपकिरी होतो आणि तोंडात कडवट चव उतरते. पुढे अॅक्रिलिक आले. त्याचा रंग जात नाही, पण ते दाताला दगडासारखे लागते. सुख आणि टिकाऊपणा यांचा तराजू प्रत्येक नव्या पदार्थात पुन्हा कुठेतरी कललाच.

या तराजूत एक वजन मात्र कधीच नव्हते. नळी लांब केली, लाकूड बदलले, पाण्यातून धूर नेला, तरी कार्बन मोनॉक्साइड आणि कर्करोगाला कारण होणारी द्रव्ये आत जातच राहतात. गार लागणारा धूर कमी घातक नसतो. तो नुसता जास्त खोल ओढता येतो. पाइप ओढणाऱ्यांच्या खालच्या ओठाला कर्करोग होतो, हे जर्मन वैद्य झ्योमरिंग याने १७९५ मध्येच नोंदवले होते. महाराष्ट्रात २०१८ मध्ये हुक्का पार्लरवर बंदी आली. त्याआधीच, २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत, राज्यातल्या प्रौढांपैकी धूर ओढणारे ३.८ टक्के आणि बिनधुराचा तंबाखू घेणारे २४.४ टक्के आढळले होते. विदर्भात तंबाखू आता खर्ऱ्याच्या पुडीतून थेट गालात जातो. ओठ आणि निखारा यांच्यामधल्या अंतराचा प्रश्नच उरला नाही. निखारा गेला आणि धोका तोंडात येऊन बसला.

जुन्या वाड्याच्या माळ्यावर कधी एखादी लाकडी नळी हाताला लागली तर तिचे मधले अंग पाहून ती फेकू नका. ते बहुधा अजून धड असेल. आधी दोन्ही टोके पाहा. पितळेचे किंवा चांदीचे कडे बसवलेले असेल तर ते कशासाठी होते हे आता तुम्हाला माहीत आहे. कडे नसेल तर एका टोकाला दातांचे वळ आणि तंतूंच्या रेषेत गेलेली चीर दिसेल, दुसऱ्या टोकाला जळका काळपटपणा. आणि माळ्यावर काहीच सापडले नाही, तर चुलीमागे कोपऱ्यात उभी असलेली फुंकणी पाहा. तिचे एक टोक कोळशासारखे काळे झालेले असते, दुसरे ओठांनी घासून गुळगुळीत.